झटपट मुरवलेल्या भाज्या : हिवाळ्यातल्या खेपांच्या नोंदी

या नोंदी व्हिनेगरच्या आंबट पाण्यात मुरवून फ्रिजमध्ये ठेवायच्या भाज्यांच्या आहेत. वर्षभर फडताळात राहणारं तेलातलं लोणचं हा वेगळा प्रकार. इथे बरणी हवाबंद करून उकळलेली नाही, त्यामुळे ती फ्रिजबाहेर ठेवता येत नाही. नागपुरात जानेवारीच्या रात्री थंड असल्या तरी दुपारी ओट्यावर चांगलंच ऊन येतं, म्हणून 'थंडी आहे, राहू दे बाहेर' हा विचार सोडून द्यायचा. सगळी मापं ५०० मिलीच्या एका बरणीला धरून दिली आहेत, जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलं आहे.

४ जानेवारी : सामान

सगळ्यात जास्त वेळ व्हिनेगर निवडण्यात गेला आणि तो तिथेच जायला हवा. बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचायची. आपल्याकडच्या पांढऱ्या व्हिनेगरवर बहुतेक वेळा ४ टक्के आम्लता लिहिलेली असते. अन्नसुरक्षेच्या नियमांत १०० मिलीमागे किमान ३.७५ ग्रॅम ॲसिटिक ॲसिड असावं असं आहे. इंटरनेटवरच्या परदेशी कृती मात्र ५ टक्के धरून लिहिलेल्या असतात. 'एक कप व्हिनेगर, एक कप पाणी' हे माप तिथलं आहे. ते इथल्या बाटलीला जसंच्या तसं लावलं की पाणी फिकं होतं. पुढची बरीच डोकेदुखी या एका टक्क्यातून आली.

'सिंथेटिक' लिहिलेलं व्हिनेगर म्हणजे पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड. चव सरळ, तीव्र, रंग नितळ. उसाचं किंवा सफरचंदाचं आंबवलेलं व्हिनेगर चवीला गोलाईदार असतं, पण फूलकोबी आणि मुळा त्यात पिवळट-तपकिरी दिसतात. पांढऱ्या भाज्यांना पांढरं, कांदा-गाजराला कुठलंही चालतं. रसायनांच्या दुकानात मिळणारं सुटं ॲसिड आणून घरी पातळ करायच्या भानगडीत पडू नये. कातडी भाजते आणि माप चुकलं की घसा.

मीठ : रोजचं आयोडीनयुक्त बारीक मीठ चालतं, पण ते मोकळं राहावं म्हणून त्यात जे घातलेलं असतं त्याने पाणी गढूळ दिसतं. खराब झालं म्हणून गढूळ की मिठामुळे गढूळ, हे मग कळत नाही, आणि या कामात पाण्याचा नितळपणा हीच मुख्य खूण आहे. म्हणून सेंधा मीठ घेतलं. इतवारीतल्या किराणा ओळीत खडे मिळतात. ते कुटून, पाण्यात विरघळवून, तळाशी बसलेली माती मागे ठेवून वरचं पाणी घ्यायचं. मीठ चमच्याने मोजू नये. बारीक मिठाचा चहाचा चमचा ६ ग्रॅमपर्यंत भरतो, जाडसर कुटलेला ४ ते ५ ग्रॅम. एका बरणीत दोन चमचे लागले की फरक जिभेला कळतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो.

भांडी : स्टील किंवा काच. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम व्हिनेगरजवळ आणायचं नाही.

खर्च : पांढरं व्हिनेगर ६५० मिली ६० रुपये, काचेच्या नव्या बरण्या प्रत्येकी ५० रुपये, पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आंबट) तपासायच्या पट्ट्या १५० रुपयांच्या आसपास (शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतात). पट्ट्या नसल्या तरी काम अडत नाही, पण नवीन माप ठरवताना त्या फार उपयोगी पडतात.

५ जानेवारी : पहिली खेप, काकडी आणि गाजर

मुद्दाम तेच परदेशी माप घेतलं, म्हणजे नेमकं काय बिघडतं ते दिसेल. ४ टक्क्यांचं व्हिनेगर १०० मिली, पाणी १०० मिली, मीठ १० ग्रॅम, साखर १० ग्रॅम. पाणी उकळून गरमच ओतलं. एका बरणीत काकडीच्या चकत्या, दुसरीत गाजराच्या काड्या. तिसऱ्या बरणीत 'मुलांसाठी सौम्य' म्हणून एकास तीन पाणी.

८ जानेवारी : पहिल्या खेपेचा निकाल

काकडी मऊ पडली. चकती वाकवली की तुटत नाही, दुमडते. गाजर कुरकुरीत पण फिकं, मीठ-आंबट दोन्ही कमी. दोन्ही बरण्यांत पट्टी ३.५ ते ४ च्या मध्ये, म्हणजे धोका नाही पण चवही नाही. सौम्य बरणीत पट्टी ४ च्या वर गेली. ४.६ ही सीमारेषा आहे. त्याच्या वर बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंना वाढायला वाव मिळतो. घरच्या मापात थोडी चूक होणारच, भाजी थोडी जास्त भरली जाणारच, म्हणून ४ च्या खालीच राहायचं. सौम्य बरणी टाकून दिली.

सौम्य चव हवी तर पाणी वाढवायचं नाही, साखर वाढवायची. आंबटपणा तेवढाच राहतो, जिभेला कमी लागतो.

आता फिकेपणाचं कारण. भाजी स्वतःच ९० टक्के पाणी आहे. बरणीत २७० ग्रॅम भाजी घातली तर त्यात २४० मिलीच्या आसपास पाणी लपलेलं असतं. दोन-तीन दिवसांत व्हिनेगर आणि मीठ भाजीत शिरतं, भाजीतलं पाणी बाहेर येतं आणि सगळं सारखं होतं. म्हणजे ओतताना २ टक्के आम्ल असलेलं पाणी शेवटी १ टक्क्याच्याही खाली येतं. मीठ ५ टक्क्यांवरून २.३ वर. त्यामुळे ओतायचं पाणी चाखून 'बरोबर आहे' वाटलं, तर ते नक्की फिकं पडणार. चाखल्यावर डोळे बारीक व्हायला हवेत.

नवीन माप, दोन बरण्यांसाठी :

४ टक्क्यांचं व्हिनेगर ३०० मिली
पाणी १८० मिली
सेंधा मीठ २४ ग्रॅम
साखर ३० ग्रॅम

पाच भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी. यात २.५ टक्के आम्ल येतं, ५ टक्क्यांच्या व्हिनेगरला सम पाणी घातल्यावर येतं तेवढंच. प्रत्येक बरणीत २७० ग्रॅम भाजी आणि हे २२० मिली आंबट पाणी. मुरल्यावर आम्ल १.२ टक्के, मीठ २.४ टक्के. बाटलीवर ५ टक्के असेल तरच सम पाणी घालावं. बाटलीवर आकडाच नसेल तर ती बाटली या कामाला घेऊ नये.

पाणी, मीठ, साखर आधी उकळून घ्यायची, मग व्हिनेगर घालून एक वाफ येईपर्यंतच ठेवायचं. व्हिनेगर खळखळ उकळत ठेवलं तर वाफ डोळ्यांत आणि नाकात झोंबते, खिडकी उघडी हवी.

१० जानेवारी : कांदा

यात बिघडण्यासारखं फार थोडं आहे, पहिल्यांदा करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. लाल कांदा २५० ग्रॅम, २ ते ३ मिमीच्या उभ्या पाकळ्या. त्यावर नुसतं उकळतं पाणी ओतून लगेच निथळला, म्हणजे उग्र वास जातो. मग गरम आंबट पाणी. तासाभरात खाण्याजोगा, दुसऱ्या दिवशी पूर्ण गुलाबी. रंग सालीजवळच्या जांभळ्या थराचा, आंबटात तो गुलाबी होतो. पांढरा कांदा घेतला तर गुलाबी होणार नाही. मिरे ६, एक तमालपत्र, भिवापुरी सुकी मिरची एक, मोडून. झुणका-भाकरीसोबत किंवा साओजी रश्श्यासोबत हा सगळ्यात आधी संपतो. दोन आठवड्यांच्या आत संपवावा, नंतर पाकळ्या मऊ पडतात.

१२ जानेवारी : गाजर आणि मुळा

कॉटन मार्केटमध्ये सकाळी मुळा पाल्यासकट मिळतो. पाला ताजा असेल तर मुळा आतून सहसा पोकळ, जाळीदार निघत नाही. जाड मुळा स्वस्त असला तरी टाळावा, मधला भाग आंबट पाणी स्पंजासारखं पितो आणि खाताना पिचकतो.

गाजर : लाल गाजरातला मधला पिवळट दांडा जून असेल तर काढून टाकला. काड्या ६ सेंमी लांब, बोटाच्या निम्म्या जाडीच्या. जाडी महत्त्वाची. ५ मिमी जाडीच्या काड्या एका रात्रीत मुरल्या, दीड सेंमीच्या चौथ्या दिवशीही मध्ये कच्च्याच होत्या. एकाच बरणीत जाड-बारीक तुकडे घातले की काही जास्त मुरलेले, काही कोरे, असं होतं. कापताना घाई केली ती बरणीत दिसते.

लाल गाजराचा रंग पाण्यात उतरत नाही, पाणी नितळ राहतं. काळं गाजर वेगळं. त्याचा रंग भरपूर सुटतो, सोबतचा मुळा जांभळा होतो. दिसायला छान, पण वेगळ्या बरणीतच करावं.

मुळ्याचा वास ही खरी अडचण. दोन दिवसांनी बरणी उघडली की गंधकाचा भपका येतो आणि घरातले लोक 'खराब झालं' म्हणतात. खराब झालेलं नसतं, मुळ्याचा तो स्वभाव आहे. उपाय : कापलेल्या मुळ्याला २ टक्के मीठ लावून (२५० ग्रॅमला ५ ग्रॅम) अर्धा तास ठेवायचं, सुटलेलं पाणी फेकायचं, एकदा धुऊन पिळायचं. वास पूर्ण जात नाही, पण निम्म्याहून कमी होतो. पानात वाढण्याआधी बरणी १० मिनिटं उघडी ठेवली की उरलेलाही बराच उडतो. मिठात ठेवलेल्या मुळ्याच्या बरणीत पुढचं मीठ ५ ग्रॅमनी कमी करायचं.

१५ जानेवारी : फूलकोबी

या भाजीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. तुरे २ ते ३ सेंमीचे, दांडा छोटा. कोमट मिठाच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवले, अळ्या असतील तर वर येतात. सकाळच्या बाजारातल्या घट्ट गड्ड्यात कमी असतात, पसरलेल्या गड्ड्यात जास्त.

कच्ची घातली तर दांडा आतपर्यंत मुरायला आठवडा लागतो. उकळत्या पाण्यात एक मिनिट, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कापडावर कोरडी. दोन मिनिटं ठेवलेला घाणा मऊ निघाला, शिजलेल्या भाजीसारखा. घड्याळ लावूनच करावं. आणि कोरडी करणं सोडू नये : तुऱ्यांत अडकलेलं पाणी मोजलं तर ५०० ग्रॅममागे ३० मिलीच्या वर निघालं. तेवढं पाणी सरळ आंबट पाण्यात मिसळतं आणि वरचा सगळा हिशोब बिघडतो.

दोन गोष्टी दिसल्या ज्यांनी कुणीही घाबरेल.

एक, तिसऱ्या दिवशी काही तुऱ्यांवर फिकट गुलाबी झाक. फूलकोबीतली काही रंगहीन द्रव्यं आंबटात गुलाबी होतात. निरुपद्रवी आहे, चव तीच.

दोन, लसूण निळा-हिरवा झाला. अगदी मोरचुदासारखा रंग. हा तांब्याचा परिणाम नव्हता, भांडं स्टीलचंच होतं. लसूण चिरला किंवा आंबटात पडला की त्यातली गंधकयुक्त द्रव्यं आणि अमिनो आम्लं मिळून हा रंग तयार होतो. फ्रिजमध्ये ठेवलेल्या लसणाला तर जास्तच. खायला हरकत नाही, पण पाहुण्यांपुढे ठेवता येत नाही. सोललेल्या अख्ख्या पाकळ्या उकळत्या पाण्यात एक ते दीड मिनिट टाकून काढल्या की रंग तयार करणारं विकर (एन्झाइम) मरतं. तशी केलेली बरणी अजून पांढरी आहे.

या खेपेत हळद पाव चमचा. हळद आंबटात पिवळीच राहते. पट्टीवर मात्र हळदीचा रंग चढतो आणि पीएच वाचता येत नाही, म्हणून पट्टी लावायची असेल तर हळद न घातलेलं थोडं आंबट पाणी आणि तेवढ्याच प्रमाणात भाजी वेगळ्या छोट्या वाटीत ठेवावी. बीटाचंही तसंच.

१६ जानेवारी : बरणी तडकली

सकाळी ग्रॅनाइटचा ओटा गार, बरणी गार, आंबट पाणी नुकतंच उकळलेलं. ओतताच तळाला गोल तडा गेला. भाजी काचेच्या शंकेने टाकावीच लागली, २७० ग्रॅम फूलकोबी आणि ५० रुपयांची बरणी. आता पद्धत अशी : बरण्या उकळत्या पाण्यात १० मिनिटं, पाणी काढून त्याच गरम अवस्थेत दुमडलेल्या जाड कापडावर ठेवायच्या, भाजी भरायची, आधी चमचाभर गरम आंबट पाणी तळाशी, मग उरलेलं. तळहातावर धरून ओतणं तर मुळीच नको.

१८ जानेवारी : काकडी, पुन्हा

पहिल्या खेपेतली काकडी मऊ पडायची कारणं तीन होती आणि तीन वेगवेगळ्या बरण्यांत तपासली.

पहिलं, फुलाकडचं टोक. तिथली विकरं काकडी मऊ करतात. दोन्हीकडची ३ मिमी टोकं कापली की मोठा फरक पडतो. कोणतं फुलाकडचं हे शोधत बसू नये, दोन्ही कापावीत.

दुसरं, गरम पाणी. काकडीला गार केलेलंच आंबट पाणी ओतायचं. उकळून, पूर्ण थंड करून.

तिसरं, काकडीतलं पाणी. ५०० ग्रॅम चकत्यांना १० ग्रॅम मीठ लावून चाळणीत पाऊण तास ठेवल्या, खाली साधारण ६० मिली पाणी जमलं. मग चमच्याने दाबून निथळल्या, धुतल्या नाहीत, आणि आंबट पाण्यातलं मीठ निम्मं केलं.

तिन्ही एकत्र केलेली बरणी दहा दिवसांनीही कुरकुरीत. फक्त मीठ लावलेली पण गरम पाणी ओतलेली बरणी पाचव्या दिवशी लवचीक झाली. जून, पिवळट, मोठ्या बियांची काकडी कितीही सांभाळली तरी मऊच पडते, ती कोशिंबिरीत घालावी. चुन्याच्या निवळीत भिजवायची जुनी युक्ती इथे वापरली नाही आणि वापरू नये : चुना आम्ल मारतो, नीट धुतला गेला नाही तर पीएच वर जातो आणि फ्रिजमधल्या बरणीत ते परवडत नाही.

२२ जानेवारी : हिरवी मिरची आणि झाकणं

मिरची अख्खी घातली तर तरंगते. आत हवा असते, पाणी शिरत नाही, वरची टोकं उघडी राहून काळी पडतात. देठ थोडा ठेवून मधोमध एक चीर दिली, उभी बरणीत रचली, वर पत्ताकोबीचं पान दुमडून दाबलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या खाली बसल्या. २०० ग्रॅम मिरचीला आंबट पाणी जास्त लागतं, २५० मिलीपर्यंत, कारण पोकळ्या भराव्या लागतात.

हिरवा रंग दोन-तीन दिवसांत शेवाळी होतो. आंबटात हरितद्रव्य टिकत नाही, त्याला इलाज नाही.

पत्र्याच्या झाकणांना आतून गंज सुरू झाला आहे. जुन्या जामच्या बाटल्यांची झाकणं होती, रंगाचा थर खरवडलेला. व्हिनेगरच्या वाफेनेच ते होतं, पाणी टेकायची गरज नाही. सगळी झाकणं बदलून प्लास्टिकची घेतली, प्रत्येकी ८ रुपये. ज्या झाकणांना आंबा-लिंबाच्या लोणच्याचा वास होता ती नको, वास कांद्यात उतरतो.

२३ जानेवारी : बोअरचं पाणी

मनात शंका होती की बोअरच्या जड पाण्याने आम्ल मरत असेल. नळाचं, बोअरचं आणि आरओचं पाणी घेऊन तीन वाट्यांत तेच माप केलं. पट्टीवर तिन्ही सारखे. व्हिनेगरच्या मानाने पाण्यातले क्षार फार थोडे पडतात. बोअरच्या पाण्यात तळाशी पांढरी साय आणि हलका गढूळपणा आला, एवढंच. पाण्यात लोह असेल तर भाजी काळपट पडू शकते. उकळून, रात्रभर निवळून वरचं घेतलं तरी पुरतं.

२६ जानेवारी : फेसलेल्या मोहरीचं ताजं लोणचं

व्हिनेगर नसलेला प्रकार. गाजर २००, मुळा १००, फूलकोबी १५०, हिरवी मिरची ५० ग्रॅम, सगळं धुऊन, कापून, पंख्याखाली तासभर कोरडं. त्याला मोहरीची डाळ २५ ग्रॅम, मीठ २५ ग्रॅम, हळद एक चमचा, तिखट दोन चमचे, तळून कुटलेली मेथी अर्धा चमचा, हिंग, लिंबाचा रस ७० मिली (रसाळ चार लिंबं), तेल ६० मिली.

इथे सगळी मदार मोहरी फेसण्यावर आहे. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की विकराच्या क्रियेने तो तयार होतो, आणि त्याला थोडा वेळ लागतो. गरम पाण्याने विकर मरतं. आंबटाने त्याचं काम मंदावतं. हे माहीत असलं की बाकीचं आपोआप कळतं. तीन वाट्या करून पाहिल्या :

गरम पाण्यात वाटलेली मोहरी : नाकात काहीच नाही, जिभेवर कडू.

सरळ लिंबाच्या रसात वाटलेली : झणका हलका, चव जरा चपटी.

गार पाण्यात (६० मिली) वाटून, झाकून १५ मिनिटं ठेवून, मग लिंबाचा रस घातलेली : झाकण उघडताच डोळ्यांत पाणी. आंबट पडल्यावर तो झणका तिथेच टिकतो, त्यामुळे पुढचे काही दिवस तो उतरत नाही.

मिक्सरमध्ये वाटताना भांडं गरम होऊ द्यायचं नाही. थांबत थांबत, पाच-पाच सेकंद. सलग फिरवलेली मोहरी गरम झाली आणि कडवट निघाली. पाट्यावर वाटता आली तर फारच उत्तम. ताज्या वाटलेल्या मोहरीत थोडा कडवटपणा असतोच, तो रात्रीत कमी होतो. वाटल्या वाटल्या चाखून गूळ ओतू नये.

तेल धूर येईपर्यंत तापवून पूर्ण गार करून घालायचं. गरम फोडणी मोहरीवर ओतली की झणका गेला, वरची सगळी मेहनत गेली. यात लसूण घालायचा असेल तर आधी लिंबाच्या रसात बुडवून मग मिसळावा. लसूण नुसता तेलाखाली, आंबटाशिवाय साठवणं धोक्याचं, तिथे हवा नसते आणि पीएचही वर असतो.

फ्रिजमध्ये आठवडा ते दहा दिवस. तळाशी पाणी सुटतं, रोज स्वच्छ कोरड्या चमच्याने खालीवर करावं. मीठ कमी वाटत असलं तरी दुसऱ्या दिवशीच ठरवावं, पहिल्या दिवशी भाजी कोरी असते आणि वाटणच जिभेला लागतं.

१ फेब्रुवारी : ओली हळद, आंबेहळद, आलं

हंगाम संपत आला होता. ओली हळद १०० ग्रॅम, आंबेहळद १०० ग्रॅम, आलं ५० ग्रॅम, हिरवी मिरची चार, लिंबाचा रस १२० मिली, मीठ १२ ग्रॅम. सोलून पातळ काड्या. आंबेहळदीला कैरीचा वास असतो, तिच्यामुळे साध्या हळदीचा मातकट उग्रपणा झाकला जातो. नुसती ओली हळद घातलेली वाटी कुणी संपवली नाही.

रसाने काड्या पूर्ण बुडायला हव्यात. वर राहिलेल्या काड्यांवर चौथ्या दिवशी पांढरी बुरशी दिसली, ती छोटी बरणी पूर्ण टाकली. वरचा थर काढून खालचं वापरणं या प्रकारात चालत नाही. हातमोजे घालावेत, पाटावर जुना कागद पसरावा. प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड पिवळा झाला तो झालाच. आलं कोवळं असेल तर आंबटात हलकं गुलाबी होतं, तेही ठीक.

३ फेब्रुवारी : बीट

अख्खं बीट सालीसकट उकडून, मग सोलून, फोडी करून, गरम आंबट पाणी, दोन लवंगा. आधी सोलून उकडलं तर रंग आणि चव पाण्यात जाते. साखर १० ग्रॅम वाढवली. दोन दिवसांत तयार. अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

९ फेब्रुवारी : फ्रिजमधल्या बरण्यांची तपासणी आणि हिशोब

गाजर, चौथा आठवडा : पाणी नितळ, कुरकुरीत, चव उत्तम. याच मापाने पुढे करायचं.

फूलकोबी : उत्तम, आता कुठे खरी मुरली आहे. दोन दिवसांत खाण्याजोगी होते, पण दहाव्या दिवसानंतरची चव जास्त चांगली.

मुळा : खाता येतो, वास वाढला. दोन आठवड्यांत संपवावा.

मिरची : रंग गेला, चव टिकली.

काकडी, तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या मध्ये : कडा मऊ. दोन आठवडे हीच तिची मुदत.

एका गाजराच्या बरणीत पाणी गढूळ, झाकण उघडताना फस्स आवाज. ही ५ जानेवारीची, जुन्या फिक्या मापाची राहिलेली बरणी. चाखून पाहिली नाही, टाकली. गढूळपणा, बुडबुडे, फुगलेलं झाकण, तार सुटणारं पाणी, यातलं एकही दिसलं तर चाखायचं नाही. नव्या मापाच्या एकाही बरणीत हे झालेलं नाही.

एका बरणीचा खर्च : व्हिनेगर १५० मिलीचे १४ रुपये, भाजी (सालं, दांडे, जून भाग वजा जाऊन) १५ रुपये, मीठ-साखर-मसाला ८ रुपये. गॅस सोडून ३७ रुपये. बरणी पुन्हा पुन्हा वापरात येते, ती यात धरलेली नाही. वेळ, दोन बरण्यांना : कापायला अर्धा तास, बरण्या उकळून भरायला अर्धा तास. फूलकोबी असेल तर आणखी अर्धा.

प्रत्येक झाकणावर तारीख आणि व्हिनेगरचा टक्का, दोन्ही लिहायचं. वरची गढूळ बरणी कोणत्या मापाची हे त्यामुळेच लगेच कळलं.

उरलेलं आंबट पाणी : त्यात नवीन भाजी घालायची नाही, त्यातलं आम्ल आणि मीठ आधीच्या भाजीत गेलेलं असतं. पुन्हा उकळलं तरी ते परत येत नाही. कांद्याचं गुलाबी पाणी पत्ताकोबीच्या कोशिंबिरीत लिंबाऐवजी, वर सांबार (कोथिंबीर) चिरून. गाजराचं पाणी मोड आलेल्या मटकीवर दोन चमचे. मुळ्याचं पाणी टाकून द्यावं.